झडप नवी, हृदय तेच: शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या पुढचं किती सांगतात?

टूडी इकोचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर एकाच ओळीवर जाते: ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं त्याचा आकडा. पंपिंग चांगलं आहे, काळजी नको, असं म्हणून कागद फाइलमध्ये जातो. पण हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप जोरात गळत असेल, तर हाच ६० चा आकडा शस्त्रक्रियेला उशीर होऊ लागल्याची खूण असतो. उलट, महाधमनीची (हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीची) झडप अरुंद झालेल्या माणसाचा ईएफ ४० असला, तरी झडप बदलल्यावर तो काही महिन्यांत ५० च्या पुढे गेल्याचं अनेकदा दिसतं. एकाच आकड्याचे असे दोन अर्थ का होतात, हे समजलं की बाकीचा रिपोर्ट वाचणं बरंच सोपं जातं.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. ‘शस्त्रक्रिया यशस्वी होईल का?’ या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. माणूस शस्त्रक्रियेतून आणि पहिल्या महिन्यातून सुखरूप बाहेर येईल का? हृदयाच्या स्नायूची ताकद परत येईल का? आणि पुढची पाच-दहा वर्षं तो जिना चढेल का, धाप न लागता झोपेल का? पहिल्याचं उत्तर बरंचसं वय, मूत्रपिंड, फुप्फुसं आणि अंगातली ताकद यांवर ठरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर हृदयाच्या तपासण्यांमध्ये असतं. एका प्रश्नाची तपासणी दुसऱ्याच्या उत्तरासाठी वापरली की अंदाज चुकतात.

ईएफचा हिशेब आणि त्यातली खोट

हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला डावी जवनिका म्हणतात. तीच शरीरभर रक्त ढकलते. ती पूर्ण भरल्यावर तिच्यात जितकं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडलं, तो ईएफ. समजा २०० मिलिलिटर भरलं आणि १२० बाहेर पडलं, तर ईएफ ६०. पण मायट्रल झडप गळत असेल, तर या १२० मधलं निम्मं, म्हणजे ६० मिलिलिटर, मागे डाव्या कर्णिकेत (वरच्या डाव्या कप्प्यात) जातं. शरीराला उरलेलं ६० च मिळतं. ईएफ मात्र पुढे गेलेलं आणि मागे गेलेलं, दोन्ही रक्त ‘बाहेर पडलेलं’ म्हणून मोजतो.

त्यात भर म्हणजे मागची वाट फार सोपी. महाधमनीत रक्त ढकलायला जवनिकेला १२० च्या आसपासच्या दाबाशी झगडावं लागतं. कर्णिकेतला दाब त्याच्या एका छोट्या अंशाएवढा. दोन दरवाजांपैकी एक सताड उघडा असेल, तर थकलेला माणूसही खोली भराभर रिकामी करतो. शस्त्रक्रियेत तो मागचा दरवाजा बंद होतो, सगळं रक्त जड दरवाजातूनच ढकलावं लागतं आणि स्नायूची खरी ताकद उघडी पडते. म्हणूनच झडप उत्तम दुरुस्त झाल्यावरही ईएफ खाली येतो. किती खाली येतो आणि पुन्हा वर चढतो का, हे आधीच्या स्नायूवर अवलंबून असतं.

यामुळे मूळ झडपच बिघडून होणाऱ्या तीव्र मायट्रल गळतीत ‘सामान्य’ ईएफची रेषा ५० किंवा ५५ वर नाही, ६० वर आखली आहे. ईएफ ६० किंवा त्याहून कमी, अथवा आकुंचनाच्या शेवटी जवनिकेचा व्यास ४० मिलिमीटर किंवा जास्त, यांपैकी एक जरी आढळलं तरी लक्षणं नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. अमेरिकी आणि युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये या बाबतीत एकवाक्यता आहे.

हा आकुंचनाच्या शेवटचा व्यास रिपोर्टवर ‘एलव्हीआयडी-एस’ किंवा ‘एलव्हीईएसडी’ असा लिहिलेला असतो, आणि गळणाऱ्या झडपांमध्ये तो ईएफपेक्षा जास्त प्रामाणिक असतो, असं आमचं मत. कारण साधं आहे. जवनिका किती भरली हे गळतीवर ठरतं; पिळून झाल्यावर किती उरलं हे मुख्यतः स्नायूवर ठरतं. एक वर्षाच्या अंतरानं केलेल्या दोन इकोंमध्ये ईएफ ६४ च राहिला, पण हा व्यास ३४ वरून ३९ वर गेला, तर गोष्ट बदललेली आहे, आकडा ‘मर्यादेत’ असला तरी.

महाधमनीची झडप गळत असेल तर

इथेही शेवटच्या व्यासाचाच मान मोठा, पण रेषा वेगळी आहे. रक्त मागे येतं ते जवनिकेतच, आणि पुढच्या ठोक्याला ते पुन्हा पूर्ण दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. सोपी वाट कुठेच नाही. जवनिका वर्षानुवर्षं हळूहळू पसरत जाते आणि माणसाला काही जाणवत नाही. १९८० च्या सुमारास शेवटचा व्यास ५५ मिलिमीटरच्या पुढे गेला की निकाल बिघडतात असं दिसलं होतं आणि बराच काळ तीच रेषा मानली गेली. पुढे ती ५० वर आली. त्याबरोबर शरीराच्या आकारमानाचा हिशेबही आला: शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला २५ मिलिमीटर. लहान चणीच्या माणसाला, विशेषतः बायकांना, हा दुसरा आकडा वाचवतो. पृष्ठफळ १.४ चौरस मीटर असेल, तर ३५ मिलिमीटरलाच रेषा ओलांडली जाते. ५० ची वाट पाहत बसलो तर स्नायू हातचा गेलेला असतो. ईएफची रेषा २०२० च्या अमेरिकी सूचनांमध्ये ५५ टक्के आहे, २०२१ च्या युरोपीय सूचनांमध्ये ५०.

झडप अरुंद असेल तर: दाब, वेग आणि फसवा ‘मध्यम’

महाधमनीची झडप कॅल्शियम साचून कडक झाली की जवनिकेला नळाच्या तोंडावर अंगठा धरून पाणी सोडल्यासारखं काम करावं लागतं. इकोमधला डॉपलर हा त्या फवाऱ्याचा वेग मोजतो. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की दाबातला फरक मिळतो: सेकंदाला ४ मीटर वेग म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ मिलिमीटर पारा. वेग ४ किंवा जास्त, सरासरी फरक ४० किंवा जास्त, आणि झडपेची वाट १ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी, ही तीव्र आजाराची ओळख.

अशा माणसाचा ईएफ कमी असेल, तर त्याचं एक कारण अतिरिक्त भार हेही असतं. झडप बदलली की भार उतरतो आणि स्नायू मोकळा होतो. त्यामुळे दाबातला फरक ६० असताना ईएफ ३५ असेल, तर ती वाईट बातमी नाही. इतका दाब तयार करणारा स्नायू अजून जिवंत आहे.

खरी पंचाईत होते ती फरक २५-३० च भरतो, ईएफ ३५ असतो आणि वाट मात्र ०.८ निघते तेव्हा. इथे दोन शक्यता असतात. एक, झडप खरंच तीव्र अरुंद आहे, पण दमलेलं हृदय फवारा जोरात मारूच शकत नाही. दोन, झडप मध्यमच कडक आहे, हृदय दुसऱ्याच कारणानं दुबळं आहे आणि जोर नसल्यानं झडपेची पाकळी पूर्ण उघडत नाही. पहिल्याला झडप बदलून फायदा होतो, दुसऱ्याला फारसा नाही. ठरवण्यासाठी डोब्युटामाइन इको करतात. डोब्युटामाइन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध शिरेतून कमी मात्रेत सुरू करून टप्प्याटप्प्यानं वाढवतात, शरीराच्या दर किलोला मिनिटाला जास्तीत जास्त २० मायक्रोग्रॅमपर्यंत. हृदयाचा जोर वाढल्यावर फरक ४० च्या वर गेला आणि वाट १ च्या आतच राहिली, तर आजार खरा. वाट मोठी होत गेली आणि फरक तितकासा वाढला नाही, तर झडप दोषी नाही.

ही तपासणी आणखी एक गोष्ट सांगून जाते. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त औषधानं २० टक्के किंवा जास्त वाढलं, तर स्नायूकडे शिल्लक आहे असं म्हणतात. वाढलं नाही तर शस्त्रक्रियेतली जोखीम बरीच चढते. मात्र ‘शिल्लक नाही, म्हणजे सुधारणा नाही’ असा अर्थ काढणं चूक. अशांपैकी जे शस्त्रक्रियेतून बाहेर येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा ईएफ नंतर वाढतो. म्हणजे डोब्युटामाइन इको पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं नाही. आणि हृदयानं औषधाला दादच दिली नाही, तर झडपेचा निकालही अनिर्णित राहतो. मग सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. त्याला रंगद्रव्य लागत नाही, स्कॅनला वेळही थोडाच लागतो. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० एककांच्या वर आकडा गेला, तर आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी. स्त्रियांसाठी रेषा खाली आहे, कारण त्यांच्या झडपा कमी कॅल्शियम आणि जास्त तंतुमय ऊतीनंच कडक होतात.

या सगळ्या हिशेबात चूक शिरण्याची ठरलेली जागा म्हणजे झडपेखालच्या वाटेचा व्यास. झडपेचं क्षेत्रफळ काढताना त्या व्यासाचा वर्ग होतो. व्यास २० मिलिमीटर धरला तर क्षेत्र ३.१४ चौरस सेंटीमीटर, १८ धरला तर २.५४. दोन मिलिमीटरच्या चुकीनं उत्तर जवळपास एक पंचमांश बदलतं आणि ‘मध्यम’ झडप कागदावर ‘तीव्र’ होते. शिवाय ती वाट गोल नसून लंबगोल असते, आणि इको बहुधा तिची आखूड बाजू मोजतो. वाट आणि दाब यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी हा व्यास पुन्हा मोजून घ्यावा. दुसरी चूक रक्तदाबाची. तपासणीच्या वेळी रक्तदाब १८० असेल तर दाबातला फरक खोटा कमी दिसू शकतो, आणि मायट्रल गळती खोटी जास्त. म्हणून इकोच्या कागदावर त्या क्षणाचा रक्तदाब लिहिलेला हवाच. तो नसलेला रिपोर्ट अर्धवट समजावा.

नुकसान कुठवर पोचलं?

अरुंद झडपेच्या बाबतीत एक उपयोगी विचार २०१७ मध्ये पुढे आला: झडप किती बिघडली हे बाजूला ठेवा, तिच्या मागे हृदयात नुकसान कुठवर गेलंय ते बघा. पाणी तुंबलं की आधी जवळची खोली ओली होते, मग मागची, तसं. शून्य टप्प्यात झडपेपलीकडे काही नाही. पहिल्यात डावी जवनिका जाड किंवा दुबळी. दुसऱ्यात डावी कर्णिका फुगलेली, मायट्रल गळती किंवा हृदयाची लय अनियमित. तिसऱ्यात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला किंवा उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ट्रायकस्पिड झडप गळणारी. चौथ्यात उजवी जवनिकाही थकलेली. झडप बदललेल्या रुग्णांच्या ज्या अभ्यासातून ही मांडणी आली, त्यात एका वर्षातला मृत्युदर शून्य टप्प्यात ४.४ टक्के होता आणि चौथ्यात २४.५. झडप सगळ्यांची नवी बसवली होती. फरक मागच्या खोल्यांचा होता.

यासाठी वेगळी महागडी तपासणी लागत नाही. साध्या इकोच्या रिपोर्टमध्येच कर्णिकेचं आकारमान, ट्रायकस्पिड गळती, फुप्फुस धमनीचा दाब आणि उजव्या जवनिकेची हालचाल लिहिलेली असते. फक्त कुणी तिथवर वाचत नाही.

स्नायूच्या आत काय चाललंय

ईएफ घसरण्याच्या बऱ्याच आधी स्नायूचे लांबीच्या दिशेनं जाणारे तंतू ढिले पडतात. इकोवर ‘स्ट्रेन’ मोजून ते कळतं. स्नायू आखडतो म्हणून हा आकडा उणे असतो: निरोगी माणसात उणे २० च्या आसपास. तो शून्याकडे सरकेल तितका वाईट. अरुंद झडपेत ईएफ ६० असूनही स्ट्रेन उणे १५ च्याही अलीकडे, म्हणजे उणे १२ किंवा १३ असेल, तर पुढचा अंदाज सावधपणे करावा लागतो. अट एकच: वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून तुलना करायची तर त्याच यंत्रावर.

हृदयाचा एमआरआय आणखी आत डोकावतो. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य दिल्यावर काही मिनिटांनी स्नायूतला मेलेला, व्रण पडलेला भाग पांढरा उठून दिसतो. जाड झालेल्या पेशी भार उतरल्यावर बारीक होतात, विखुरलेले तंतूही काही प्रमाणात विरतात. हा व्रण मात्र तसाच राहतो. तीव्र अरुंद झडपेच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत तो सापडतो आणि त्यांचा पुढचा काळ व्रण नसलेल्यांपेक्षा कठीण जातो. तरी व्रण दिसला म्हणून शस्त्रक्रिया नाकारायची नसते. अजून पसरण्याआधी ती करावी, असाच त्याचा अर्थ बहुधा निघतो.

रक्तातलं बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी हे हृदयाच्या भिंतीवर ताण आल्यावर वाढतं. लक्षणं नसलेल्या तीव्र अरुंद झडपेत ते वय आणि लिंगानुसारच्या सामान्य आकड्याच्या तिपटीहून जास्त असेल, तर वाट न पाहण्याकडे कौल जातो. वाढलेलं वय, बिघडलेलं मूत्रपिंड आणि अनियमित लय यांनी ते उगाच वाढतं. लठ्ठपणात उगाच कमी दिसतं. तेव्हा एकट्या आकड्यावर भिस्त नको.

‘मला काही त्रास नाही’ या वाक्याचीही तपासणी करता येते. अनेकांनी नकळत चालणं कमी केलेलं असतं, म्हणून त्रास नसतो. डॉक्टरांच्या देखरेखीत ट्रेडमिलवर चालवलं की धाप, चक्कर किंवा रक्तदाबात २० मिलिमीटर वा अधिक घसरण समोर येते. ज्याला आधीच लक्षणं आहेत, अशा तीव्र अरुंद झडपेच्या रुग्णाला मात्र ट्रेडमिलवर चढवायचं नाही. त्यातून नवीन काही कळत नाही आणि जिवाला धोका असतो.

उजवी बाजू, जिच्याकडे उशिरा लक्ष जातं

उजव्या जवनिकेचा सर्वांत सोपा आकडा ‘टॅप्सी’: ठोक्यागणिक ट्रायकस्पिड झडपेची कड किती मिलिमीटर खाली ओढली जाते. १७ पेक्षा कमी म्हणजे दुबळेपणा. शस्त्रक्रियेनंतर मात्र हा आकडा वापरताना जपून. हृदयाभोवतीचं आवरण उघडल्यानंच तो कमी होतो, जवनिका ठणठणीत असली तरी.

फुप्फुस धमनीचा दाब इकोवर थेट मोजला जात नाही, अंदाजला जातो. ट्रायकस्पिड गळतीचा वेग ३ मीटर असेल तर ४ × ३ × ३ = ३६, त्यात उजव्या कर्णिकेतला दाब मिळवायचा. मायट्रल गळतीत विश्रांतीच्या वेळी हा दाब ५० च्या वर गेला असेल, तर उशीर झाल्याचं ते लक्षण. पण एक सापळा आहे. उजवी जवनिका पार थकली की ती दाब तयारच करू शकत नाही, आकडा खाली येतो आणि रिपोर्ट सुधारल्यासारखा वाटतो. दाब ६५ वरून ४५ वर आला आणि त्याच वेळी टॅप्सी १८ वरून १२ वर गेली, पाय सुजले, तर ती सुधारणा नव्हे. अशा वेळी कॅथेटर घालून दाब प्रत्यक्ष मोजावा, म्हणजे मूळ दोष डाव्या बाजूच्या तुंबण्यात आहे की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्याच कडक झाल्यात, हेही कळतं. पहिला प्रकार शस्त्रक्रियेनंतर बराच उतरतो, दुसरा तितका नाही.

अरुंद मायट्रल झडपेत तर सगळा खेळ उजव्या बाजूचाच. डावी जवनिका सहसा शाबूत असते, तिला रक्तच कमी पोचतं. तिथे दाबातला फरक हृदयाच्या गतीवर फार हलतो. मिनिटाला ६० ठोके असताना आणि ११० असतानाचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. फुग्यानं झडप उघडता येईल का, हे विल्किन्स गुणांवरून बघतात: हालचाल, जाडी, कॅल्शियम आणि झडपेखालच्या दोऱ्या, प्रत्येकाला १ ते ४. बेरीज ८ किंवा कमी असेल तर फुग्याचं काम चांगलं होण्याची शक्यता जास्त.

जोखमीचे गणकयंत्र

शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ‘युरोस्कोर २’ किंवा अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेचा ‘एसटीएस’ गुणांक काढतात. युरोस्कोर २ हा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८ बाबी विचारतो. उत्तर रुग्णालयातल्या मृत्यूच्या शक्यतेचं असतं: ३ टक्के म्हणजे अशाच शंभर रुग्णांपैकी तिघे. त्या तिघांत आपण आहोत का, हे त्याला माहीत नसतं. एसटीएसमध्ये ४ च्या खाली कमी जोखीम, ८ च्या वर जास्त.

या यंत्रांत ईएफ कसा भरतात ते बघण्यासारखं आहे. युरोस्कोर २ मध्ये त्याचे चारच कप्पे आहेत: ५० च्या वर, ३१ ते ५०, २१ ते ३०, आणि २० किंवा कमी. म्हणजे मायट्रल गळतीतला ५२ आणि निरोगी माणसाचा ७० एकाच ‘चांगल्या’ कप्प्यात पडतात. उजव्या जवनिकेची ताकद आणि यकृताची स्थिती तो विचारतच नाही. म्हणून एकट्या ट्रायकस्पिड झडपेच्या शस्त्रक्रियेत त्याचा अंदाज फार खाली येतो. तिच्यासाठी ‘ट्राय-स्कोर’ वेगळा आहे, १२ गुणांचा: वय ७० किंवा जास्त, थोड्या श्रमानं धाप, ईएफ ६० च्या खाली आणि उजव्या जवनिकेचा दुबळेपणा यांना प्रत्येकी १, उजव्या बाजूच्या हृदयविकाराची चिन्हं, रोज १२५ मिलिग्रॅम किंवा जास्त फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी), मूत्रपिंडाची गाळणक्षमता ३० च्या खाली आणि वाढलेलं बिलिरुबिन (यकृताची स्थिती सांगणारा रक्तातला आकडा) यांना प्रत्येकी २. लघवीच्या गोळीची मात्रासुद्धा भविष्य सांगते, ते असं.

मूत्रपिंडाचा आकडा भरताना नुसतं क्रिएटिनिन बघून चालत नाही. ते १.१ असलेला ३० वर्षांचा, ७५ किलोचा पुरुष आणि ८० वर्षांची, ४५ किलोची स्त्री घ्या. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रानं त्याची गाळणक्षमता मिनिटाला १०४ मिलिलिटर येते, तिची २९. प्रयोगशाळेचा कागद दोघांनाही ‘नॉर्मल’ म्हणतो.

अंगातली ताकद बघायला घड्याळ पुरतं. पाच मीटर अंतर, नेहमीच्या चालीनं, तीनदा, सरासरी घ्यायची. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद; वयस्कर रुग्णांत गुंतागुंतीची जोखीम गुणांकानं सांगितलेल्यापेक्षा वाढते. ही साधी चाचणी इतकी कमी ठिकाणी होते, याचं नवल वाटतं.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी मुख्यतः शस्त्रक्रियेची आखणी ठरवते. चाळिशीपुढचे पुरुष आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया यांना ती सहसा करतात. अडथळे निघाले तर बायपास सोबतच होतो, वेळ वाढतो, जोखीमही. तिच्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून तिच्यात आणि शस्त्रक्रियेत शक्यतो काही दिवसांचं अंतर ठेवतात. ईसीजीवर उजव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेवरचा अडथळा) आधीच असेल, तर कॅथेटरमधून महाधमनीची झडप बसवल्यावर पेसमेकर लागण्याची शक्यता बरीच वाढते. घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

झडपेचा आकार अंगाला बसतो का?

हाही अंदाज आधीच करता येतो. माणसाच्या पृष्ठफळाला ०.८५ नं गुणा. इतक्या चौरस सेंटीमीटरची वाट नव्या महाधमनी झडपेनं द्यायला हवी. १६५ सेंटीमीटर उंची आणि ७० किलो वजन असेल तर पृष्ठफळ साधारण १.७९, म्हणजे १.५२ चौरस सेंटीमीटर. पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला वाट ०.६५ च्याही खाली गेली, इथे सुमारे १.१६, तर नवी झडपच अरुंद ठरते: जवनिकेची जाडी हवी तशी उतरत नाही, धापही राहते. लठ्ठ माणसात या रेषा थोड्या खाली धरतात. झडपेवरचा १९, २१, २३ हा क्रमांक म्हणजे तिची प्रत्यक्ष वाट नव्हे. ती प्रत्येक बनावटीत वेगळी, म्हणून तक्ता बघावा लागतो. हिशेब आधी केला असेल तर शल्यचिकित्सक झडपेची बैठक रुंद करण्याच्या तयारीनं आत जातो.

मायट्रल दुरुस्तीत असंच मोजमाप अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर होतं. पुढची पाकळी मागचीच्या १.३ पट किंवा त्याहून कमी उंच असेल, किंवा पाकळ्या जुळतात ती जागा मधल्या पडद्यापासून २५ मिलिमीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीनंतर पुढची पाकळी महाधमनीच्या वाटेत ओढली जाण्याचा धोका असतो. मग मागची पाकळी आखूड करावी लागते. हाच इको भूल दिल्यावर केला, तर गळतीची तीव्रता मात्र त्यावरून ठरवू नये; भुलेनं रक्तदाब उतरतो आणि तीव्र गळती मध्यम दिसते.

कागद हातात घेताना

लय अनियमित असेल तर निदान पाच ठोक्यांची सरासरी घेतली आहे का, ते विचारा. एका ठोक्यावरचा ईएफ किंवा वेग बिनकामाचा. ईएफमध्ये पाच-दहा टक्क्यांचा फरक दोन तपासनिसांत सहज पडतो, म्हणून ६२ चा ५८ झाला यावरून एकदम निर्णय नको. तोच इको पुन्हा, शक्यतो त्याच यंत्रावर. गळतीच्या तीव्रतेवर शंका असेल तर एमआरआय रक्ताचं आकारमान थेट मोजतो. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवा: शेवटचा व्यास, कर्णिकेचं आकारमान, फुप्फुस धमनीचा दाब आणि टॅप्सी, एवढे चार आकडे एका कागदावर ओळीनं उतरवले की चढउतार डॉक्टरांना पाच मिनिटांत दिसतो.

शस्त्रक्रियेनंतर तुलनेसाठीचा पहिला निवांत इको बहुधा सहा आठवडे ते तीन महिन्यांत होतो. मायट्रल झडप दुरुस्त केलेल्याच्या त्या रिपोर्टवर ६४ च्या जागी ५५ दिसलं, तर घाबरायचं कारण नसतं. मागचा दरवाजा बंद झाल्यावरचा तो खरा आकडा आहे. आधी ५६ होता आणि आता ४२ आला, तर औषधं लांबतात आणि पुढच्या इकोंची तारीख जवळची ठरते.